माणला मार्शल पाहिजे

“इथं एक मार्शल पाहिजे, काका. छातीवर बिल्ला, कमरेला पिस्तूल. उलट्या बाजूनं येणाऱ्या पहिल्या चार जणांचे टायर फोडले की पाचवा गपगुमान सरळ येतो बघा.”

हे मत एका सॉफ्टवेअर टेस्टर मुलीचं. लातूरकडची, हिंजवडी आयटी पार्काच्या फेज तीनमध्ये नोकरी, माण गावठाणाला लागून उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीत भाड्यानं राहते. ऐकणारे काका तिचे घरमालक. मूळचे माणचेच, पोलिस खात्यातून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले. मी त्याच इमारतीतला दुसरा भाडेकरू. रात्री जेवणं झाली की पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर या दोघांची जुंपते आणि मी आयता श्रोता असतो.

गंमत अशी की मार्शल, शेरीफ, बिल्ला ही सगळी सामग्री तिला पुरवली काकांनीच. वेस्टर्न हा त्यांचा जुना नाद. नव्वदीत पोलिस लाइनीत केबल आली तेव्हा दिवसभर कार्टून दाखवणारं चॅनल रात्री टीएनटी होऊन जुने अमेरिकी सिनेमे लावायचं. मुलं झोपली की काका आवाज बारीक करून घोडे बघत बसायचे. आता मोबाइलवर ‘गनस्मोक’चे भाग बघतात. 1955 ते 1975 अशी वीस वर्षं चाललेली मालिका, 635 भाग, म्हणजे निवृत्त माणसाची चांगलीच सोय. तिनं त्यांच्या शेजारी बसून त्यातले थोडे बघितले आणि नेमकं काकांना नको असलेलं तेच उचललं.

“डॉज सिटीचा मार्शल डिलन तक्रार अर्ज मागतो का? कुठल्या हद्दीत येतं ते विचारतो का?” ती म्हणाली. “बघतो, जातो, विषय संपवतो.”

“पन्नास मिनिटांत विषय संपवायला लागतो त्याला. पुढच्या आठवड्यात दुसरा विषय असतो.” काका म्हणाले. “मला एका पाकीटमारीत तीन वर्षं तारखांना जायला लागलं होतं. कोण बघंल ती मालिका?”

इथं मला राहवलं नाही. खऱ्या डॉज सिटीत, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, गावात हत्यार घेऊन फिरायलाच बंदी होती आणि तसा ठळक फलक भर रस्त्यात उभा होता. वेस्टर्नमधली सगळ्यात गाजलेली चकमक घ्या: ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावची, 26 ऑक्टोबर 1881 ची, ओके कोरलजवळची. ती दरोड्यावरून उडाली नाही. गावात शस्त्र बाळगू नये असा नगरपालिकेचा ठराव होता, तो मोडणाऱ्यांची हत्यारं काढून घ्यायला गावचा मार्शल व्हर्जिल अर्प आपले भाऊ आणि डॉक हॉलिडे यांना घेऊन गेला होता. म्हणजे आपल्याकडचा ‘नो एंट्री’चा बोर्डच की. गोळीबार चालला अर्धा मिनिट, त्यात तिघे मेले. आणि मग न्यायाधीशासमोर त्या अर्ध्या मिनिटाच्या जबान्या सुमारे महिनाभर चालल्या.

काकांनी मांडीवर थाप मारली. “बघ! गोळ्या अर्धा मिनिट, जबान्या महिनाभर. पोलिसाची नोकरी हीच. सिनेमावाले महिना कापतात आणि अर्धा मिनिट ताणून दोन तासांचा करतात.”

“पण सुटले ना शेवटी?” टेस्टरबाई. काका तिला याच नावानं हाक मारतात.

सुटले. न्यायाधीशानं त्यांच्यावर खटला चालवण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. त्यांच्या विरोधात साक्ष द्यायला उभा राहिला तो मात्र तिथल्या काउंटीचा शेरीफ. मार्शल गावचा, शेरीफ जिल्ह्याचा, दोघांची हद्द एकमेकांत घुसलेली आणि दोघांचं एकमेकांशी बिलकूल पटत नव्हतं.

हे ऐकून दोघंही एकदम हसले, कारण हद्दीचा घोळ माणमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माण ही मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायत. आयटी पार्काचा रस्ता एमआयडीसीचा. माणहून शिवाजीनगरला जाणारी 23 किलोमीटरची मेट्रो पीएमआरडीएची, तिच्या खांबांसाठी चिरलेला रस्ताही म्हणे त्यांचाच. दोन पावलं पुढं गेलं की पिंपरी-चिंचवड महापालिका सुरू. पोलिस 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. शिवाय गावात पोलिस पाटील हे पद आहेच, 1967 च्या कायद्यानं दिलेलं. एका खड्ड्यात इतकी खाती बसतात, आणि खड्डा बुजवायला त्यातलं एकही हात घालत नाही.

“म्हणून तर म्हणते, एक माणूस पाहिजे. सगळ्यांच्या वर.” ती म्हणाली. “जुलै 2025 मध्ये अजित पवार सकाळी सहाच्या सुमारास हिंजवडीत पाहणीला आले होते. त्याच्यानंतर इथली यंत्रणा कशी पळायली होती, आठवतंय? सहा महिने अर्ज देऊन जे हललं नव्हतं ते सहा दिवसांत हललं. हाच मार्शल.”

“आले ते कशानं? त्याच्या आधी तुम्हीच आयटीवाल्यांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या होत्या ना, हजारोंनी? तू पण केली असशील.”

“केली होती.”

“मग तो मार्शल घोड्यावर बसून आपण होऊन आला न्हाई. कागदानं आणला त्याला.”

काकांचा हा मुद्दा मला अर्धाच पटला. सह्यांनी माणूस आला हे खरं. पण सह्या संबंधित खात्याकडे गेल्या असत्या आणि खात्यानंच काम केलं असतं तर कुणाला पहाटे उठून यायची गरजच पडली नसती. मोठा माणूस आल्याशिवाय काम होत नाही ही सवय एकदा लागली की खालचे लोक मोठ्या माणसाचीच वाट बघत बसतात. अर्ज करणारेही आणि अर्ज घेणारेही.

या वादाला खरी धार लागली ती मिक्सरवर आल्यावर.

माणच्या रस्त्याला राहणाऱ्याला काँक्रीटचा मिक्सर ओळखीचा आहे. त्याचं पोट फिरत असतं, मागच्या पन्हळीतून वळणावर थोडा माल सांडतो, तो तिथंच सुकतो आणि डांबरावर करड्या टेंगळांची रांग उठते. पावसाळ्यात त्या टेंगळांभोवती पाणी साचतं. स्कूटीवाली ते चुकवायला डावीकडं घेते आणि डावीकडं मिक्सर असतो. जानेवारी 2025 मध्ये याच भागात वळणावर एक मिक्सर उलटला आणि दुचाकीवरच्या दोन तरुणी त्याखाली गेल्या.

“त्या दोघी तर सरळ चालल्या होत्या,” ती म्हणाली. “त्यांनी कुठला नियम मोडला होता? गर्दीच्या तासांत जड गाड्यांना बंदी आहे ना? पाळतंय कोण? आणि मग पकडणार कुणाला, ड्रायव्हरला. जामीन, तारीख, विसर.”

काका जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझा मार्शल पण ड्रायव्हरलाच गोळी घालणार. त्याच्या पुढं त्याची नजर जात न्हाई. मिक्सरमधला माल दोनेक तासांत ओतावा लागतो, न्हाईतर तो आतच धरायला लागतो. साइटवाला फोनवर फोन करतो. प्लांटवाल्याला खेपा मोजायच्या असतात. ड्रायव्हर पळवतो तो हौसेनं न्हाई पळवत. आता ऐक. प्रत्येक गाडीबरोबर एक चलन असतं, प्लांटमधून कधी निघाली त्याची वेळ त्यावर पडलेली असते. बंदीच्या तासाच्या तोंडावर गाडी सोडली असंल तर ते त्या कागदावर दिसतं. सोडणारा कोण ते पण दिसतं. ड्रायव्हरवर थांबायचं न्हाई, तिथपर्यंत जायचं. ते काम पिस्तुलाचं न्हाई.”

“ते चलन मागणार कोण पण? शिट्टी घेऊन उभा असलेला वॉर्डन? त्याला मिक्सरवाला काच खाली करून बघत पण नाही.”

याला काकांकडं उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते दिलंही नाही. खात्यातला माणूस असूनही उत्तर नसताना गप्प बसतो, हा त्यांचा गुण मला आवडतो.

मग ती पोर्श गाडीच्या अपघातावर गेली. ती जाणार हे ठरलेलंच होतं, कारण 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये जे दोघं मेले ते तिच्याच क्षेत्रातले, तिच्याच वयाचे. गाडी चालवणारा अल्पवयीन. बाल न्याय मंडळानं पहिल्या जामिनाच्या वेळी घातलेली 300 शब्दांच्या निबंधाची अट पुढं देशभर गाजली.

“कागद कागद करता ना काका? त्या रात्री कागदच तर बदलले. ससून हॉस्पिटलमध्ये त्या पोराच्या रक्ताचा नमुनाच बदलला. तुमचा पंचनामा पैसेवाल्याच्या घरी पाणी भरतो.”

“बदलला. आणि बदलला हे कळलं कशानं?” काका पुढं सरकले. “दुसऱ्या दवाखान्यात, औंधला, दुसरा नमुना घेऊन ठेवला होता म्हणून. डीएनए जुळला न्हाई, तिथं पकडले गेले. दुसरा नमुना घ्यायचं ज्याला सुचलं तो खरा पोलिस. त्याच्यावर कुणी सिनेमा काढणार न्हाई. आणि ज्यांनी वर वेळेत कळवलं न्हाई ते दोन अधिकारी निलंबित झाले, ते पण कंट्रोलला काय कळवलं आणि काय न्हाई कळवलं त्याच्या नोंदीवरूनच.”

“म्हणजे एका शहाण्यानं जादा नमुना घेतला म्हणून. नसता घेतला तर?”

मला इथं तिची बाजू जड वाटते. कायदा कुणा एकाच्या प्रसंगावधानावर तरला असेल तर तो एक माणूसही मार्शलच झाला की, फक्त बंदुकीऐवजी हातात सिरिंज. काकांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “फरक आहे. मार्शल मेला की त्याच्याबरोबर सगळं गेलं. बाटलीवर चिकटवलेलं लेबल ऱ्हातं.”

सिनेमाचा विषय निघाला की काकांना थांबवता येत नाही. ‘सिंघम’ त्यांना मनापासून आवडत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईत पोलिसांच्याच एका कार्यक्रमात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी असे सिनेमे घातक संदेश देतात असं सांगितलं होतं. त्या बातमीचं कात्रण काकांनी लॅमिनेट करून ठेवलंय. ‘शोले’ मात्र लाडका.

“‘शोले’त तर निवृत्त पोलिसच दोन चोर भाड्यानं आणतो!” तिनं बरोबर पकडलं.

“आणि शेवटी गब्बरला कोण नेतं? पोलिस.”

ही गोष्ट काकांनी वेगळी सांगितली असती, म्हणून मीच सांगतो. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतोच. चित्रपट 15 ऑगस्ट 1975 ला आला, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. माजी पोलिस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना, म्हणून ऐन वेळी पोलिसांची गाडी बोलावून शेवट फिरवला. देशभर लोक खटल्याविना तुरुंगात होते आणि पडद्यावर गब्बरला मात्र रीतसर अटक झाली. मूळ शेवट आता, पन्नास वर्षांनी, चित्रपटगृहात दाखवला गेला.

“तो मूळ शेवट बघितला का?” तिनं विचारलं.

“बघितला.”

“आवडला?”

काका हसले. “टाळ्या वाजवल्या मी. खोटं कशाला बोलू? तिकीट काढून बसलो की मी पण पब्लिकच. ड्यूटीवर टाळी वाजवायची नसते, एवढंच.”

हेल्मेटवर फार बोलणं झालं नाही. 2019 च्या सुरुवातीला पुण्यात कारवाई कडक झाली तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीनं मोर्चे काढले, तो इतिहास काकांनी दोन शिव्यांत संपवला. तिनं मान डोलावली. मग काकांनी तिच्या स्कूटरच्या आरशाला लटकलेल्या हेल्मेटकडं बोट दाखवलं. पट्ट्याचं बक्कल तुटलेलं होतं, कधीपासून ते तिलाही सांगता येईना. कायद्यात हेल्मेट नुसतं घालून भागत नाही, नीट बांधायलाही लागतं. विषय तिथंच मिटला.

पण त्याच स्कूटरनं पुढचं रामायण काढलं. इलेक्ट्रिक स्कूटर, कर्जावर घेतलेली. शोरूममध्ये सांगितलं होतं एका चार्जिंगमध्ये 100 किलोमीटर. वर्षाच्या आत ती निम्म्यावर आली, आणि एकदा रात्री मेट्रोच्या खांबापाशी, मागून डंपर येत असताना, बंद पडली. शोरूमवाले दर वेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट केलंय मॅडम’ म्हणून परत पाठवत. ‘मला सांगता?’ असं तिला म्हणावंसं वाटायचं, पण ती म्हणाली नव्हती.

तिनं ग्राहक आयोगासाठी तक्रार लिहून आणली ती मी वाचली. पहिलं वाक्य असं: ‘ही कंपनी चोर असून हजारो ग्राहकांना मूर्ख बनवत आहे.’ पुढं दीड पान याच चालीवर.

काकांनी चष्मा लावला, पेन मागितलं आणि पहिलं वाक्य खोडलं. दुसरंही खोडलं. “हजारो ग्राहक तू बघितलेस का? न्हाई. खोड. ‘उद्धट वागणूक’, काय बोलला ते लिही. कोण बोलला, किती तारखेला, काउंटरवर का फोनवर. जॉब कार्डाचा नंबर कुठाय? हे बघ, तीन जॉब कार्डं आहेत आणि तिन्हीवर त्यांनीच ‘रेंज कमी’ असं लिहून घेतलंय. सोनं आहे हे सोनं. अर्जात एकाचाही नंबर न्हाई आणि चोर, लुटारू, दरोडेखोर मात्र आहेत.”

“राग आला होता.”

“राग पुरवणीत लिही. मला एक सांग, ऑफिसात चूक सापडली की तू काय लिहितेस? प्रोग्रॅमर चोर आहे असं?”

ती थांबली. मग तिनंच सांगितलं. काय केलं की चूक दिसते ते पायरीपायरीनं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, कुठली आवृत्ती, सोबत स्क्रीनशॉट.

“हाच पंचनामा,” काका म्हणाले. “दिवसभर पगार घेऊन पंचनामे करतेस आणि स्वतःच्या वेळी शिव्या.”

त्या रात्री सव्वा पानाची तक्रार तयार झाली. त्यात एकही विशेषण नव्हतं. शेवटी मागणी: बॅटरी बदलून द्यावी किंवा रक्कम परत करावी, आणि त्रासापोटी भरपाई. काकांना कायद्यातलं जेवढं माहीत होतं त्याहून जास्त तिनं फोनवर शोधलं. 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. आता आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन दाखल होते. आधी 1915 वर फोन करून बघता येतो. तो तिनं केला होता, शोरूमनं तिथंही ‘अपडेट केलंय’ हेच कळवलं.

हा कायदा आकाशातून पडला नाही, याची आठवण पुणे जिल्ह्यात राहणाऱ्यांनी तरी ठेवावी. 1986 चा पहिला ग्राहक कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी, 1974 मध्ये, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. तेव्हा रॉकेल, साखर आणि डालड्याच्या टंचाईचे दिवस होते. दुकानदारावर दगड टाकायला निमित्त भरपूर होतं. या लोकांनी वजनमापं तपासली आणि पावत्या मागितल्या. काकूंना ते दिवस आठवतात. पावती मागितली म्हणून एका दुकानदारानं त्यांच्या सासूला पुन्हा तेल दिलं नव्हतं, हे त्यांनी भांडी आवरता आवरता आतून सांगितलं.

“मग सासूबाईंनी काय केलं?” टेस्टरबाईंनी विचारलं.

“दुसरं दुकान बघितलं. आणखी काय करणार?”

काका काही बोलले नाहीत.

तक्रार दाखल झाली. कायदा म्हणतो, समोरच्यानं 30 दिवसांत लेखी म्हणणं द्यावं, फार तर 15 दिवस वाढवून मिळतात. त्यापुढं एक दिवसही नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मार्च 2020 मध्ये सांगून टाकलंय. वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत आणि नाही लागली तर तीन महिन्यांत निकाल व्हावा, असंही कायद्यात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, असंच म्हणायचं. पहिल्या तारखेला शोरूमच्या वकिलानं वकीलपत्र दिलं आणि मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला कंपनीच्या वकिलानं. तिची दोन दिवसांची रजा गेली.

“आता बोला,” ती म्हणाली. “मार्शल डिलननं एवढ्यात दोन खलनायक गाडले असते.”

“दोन्ही तारखांच्या रोजनाम्याची नक्कल घेतलीस का?”

“नाही.”

“घे. मुदत कुणी मागितली आणि पंचेचाळिसावा दिवस कधी भरतो ते त्यात येतं. रजेचा अर्ज पण जोड, भरपाईत धरतात. आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते का ते विचार, म्हणजे रजा वाचंल.”

तिनं फोनमध्ये लिहून घेतलं. मग म्हणाली, “आणि मिक्सरचं?”

“त्याचा पण अर्ज कर. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण. फोटोत मागचं काहीतरी ओळखू येईल असं घे, मेट्रोच्या खांबाचा नंबर पडतो बघ. चार-पाच दिवसांचं एकत्र करून दे, एकेक देऊ नको. वाहतूक विभागाला एक, एमआयडीसीला एक.”

“पीएमआरडीएला?”

“त्यांना पण. पोच घेतल्याशिवाय निघायचं न्हाई.”

“आणि त्या चार-पाच दिवसांत?”

काका खुर्ची उचलत म्हणाले, “त्या चार-पाच दिवसांत डावीकडून घुसू नकोस. आणि ते बक्कल उद्याच्या उद्या बदल.”